पाण्यात चालणाऱ्या गाडीला ॲक्सेसरीज लावताय? आधी वजन, बॅटरी आणि बाहेर पडायची वाट बघा

चिखलातून जाते, भातखाचरातून जाते आणि समोर तलाव आला की न थांबता तशीच पाण्यात उतरून पलीकडच्या काठाला लागते, अशी गाडी तुम्ही व्हिडिओत बघितली असेलच. सहा किंवा आठ फुगीर टायर, त्यावर प्लास्टिकचा उघडा हल, म्हणजे होडीसारखं खालून बंद असलेलं अंग, इंजिन आतच, आणि पाण्यात पुढे ढकलायचं कामही बहुतेक वेळा ते टायरच करतात. कॅनडातली आर्गो ही त्यातली जुनी नि माहितीतली, १९६७ पासून बनतेय. आपल्या लष्कराने घेतलेली आटोर एन१२०० पण याच जातीची, फक्त अंगाने फार दांडगी, चाकंच माणसाच्या उंचीला टेकतात. इथे बोलतोय ते मुख्यतः लहान, आर्गोच्या साइजच्या गाड्यांबद्दल, कारण मुळशी, पवना, पानशेत बाजूचे फार्मवाले, रिसॉर्टवाले, किंवा पावसाळ्यात मदतीला धावणारी मंडळी विचार करतात तो अशाच गाडीचा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत जे पाणी शिरलं ते बघून तर बऱ्याच जणांच्या डोक्यात हे आलं असणार की आपल्याकडे एखादी अशी गाडी असती तर.

आणि गाडी आली रे आली की दुसऱ्या दिवसापासून एकच विषय, हिला अजून काय काय लावता येईल. पुण्यात थारला नि जिप्सीला सामान लावायची हौस काही नवी नाही, विंच (अडकलेली गाडी दोरीने ओढून काढणारी मोटर) लाव, लाइटबार लाव, वर कॅरिअर, मागे जेरीकॅन, त्यामुळे तीच यादी घेऊन लोक याही गाडीकडे बघतात. घोळ इथेच होतो. जीपला तरंगायचं नसतं. ही गाडी तरंगते ती कंपनीने ठरवून दिलेल्या हिशोबावर, आणि तुम्ही लावलेली प्रत्येक वस्तू त्या हिशोबातून काहीतरी उचलते: थोडं वजन, थोडी बॅटरी, किंवा अडचणीच्या वेळी बाहेर पडायची वाट. ॲक्सेसरी चांगली का वाईट हा प्रश्नच नाही, ती यातलं काय घेतेय आणि तेवढं आपल्याकडे शिल्लक आहे का, एवढंच बघायचं.

आधी वजन बघू, गणित सोपं आहे. समजा गाडीचा हल पाण्याच्या पातळीला साधारण ३ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे, म्हणजे साडेचार चौरस मीटर. गाडी एक सेंटीमीटर खाली गेली तर ती ४५ लिटर पाणी बाजूला सारते, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे दर ४५ किलोला गाडी अंदाजे एक सेंटीमीटर खाली बसणार. आता विंच नि त्याचं लोखंडी माउंट मिळून २५ किलो धरा, छताची फ्रेम ३०, जास्तीची बॅटरी १५, पेट्रोलचा वीस लिटरचा भरलेला कॅन १७ आणि बर्फ घातलेला कूलर २०. झाले १०७ किलो, म्हणजे जवळजवळ अडीच सेंटीमीटर. तुम्ही म्हणाल एवढंच ना. पण हे झालं वजन सगळीकडे सारखं पसरलं तर. विंच पूर्ण पुढे, कॅन नि कूलर पूर्ण मागे, दोन जाडजूड पाहुणे एकाच बाजूला, असं झालं की एक कोपरा अडीचच्या जागी सात-आठ सेंटीमीटर सुद्धा खाली जातो, आणि पाणी आत यायला सगळी गाडी बुडावी लागत नाही, एक कोपरा पुरतो. म्हणून मॅन्युअलमध्ये जमिनीवरचा लोड वेगळा आणि पाण्यातला लोड वेगळा दिलेला असतो, पाण्यातला बराच कमी असतो, आणि लावलेली ॲक्सेसरी ही त्या पाण्यातल्या आकड्यातूनच वजा करायची असते. हे फार कमी लोक करतात. सीटा सहा दिसतात ना, मग सहा जण बसवतात. गाडीच्या आत एक स्टिकर असतो त्यावर पाण्यात किती माणसं ते लिहिलेलं असतं, तो स्टिकर कूलरच्या मागे झाकला जाऊ नये एवढी तरी काळजी घ्या.

वजन किती याच्याइतकंच ते किती उंचीवर हेही महत्त्वाचं. खाली फ्लोअरवर ठेवलेले २० किलो आणि छताच्या पाइपवर बांधलेले २० किलो पाण्याला सारखे नसतात, वरचं वजन गाडी कलली की तिला अजून कलवतं. आणि याहून वाईट म्हणजे हलमध्ये साचलेलं पाणी. परातीत पाणी घेऊन चालून बघा, परात जरा तिरकी झाली की सगळं पाणी धावत खालच्या बाजूला जातं नि परात अजून तिरकी होते. गाडीत अगदी तेच होतं, उजवीकडे कलली की आतलं पाणी उजवीकडे, मग अजून कलणार, मग अजून पाणी. त्यामुळे आत तळाला चार बोटं पाणी दिसतंय, काय होतंय त्याला, असं म्हणून वळण घेऊ नये. आधी पाणी काढा, मग वळा.

आता बाहेर पडायच्या वाटेचं बघू, याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत डक नावाचा सहा चाकांचा पोहणारा ट्रक निघाला, १९४२ च्या सुमाराला, जनरल मोटर्सचा. युद्ध संपल्यावर उरलेले बरेच ट्रक टुरिस्ट लोकांना तलावात फिरवून आणायला वापरात आले, आणि टुरिस्टांना ऊन लागू नये म्हणून वर छत बसवलं. १ मे १९९९ ला आर्कान्सामधल्या लेक हॅमिल्टनमध्ये मिस मॅजेस्टिक नावाचा असा एक डक बुडाला, आत २१ माणसं होती, १३ गेली. तपासात दोन गोष्टी निघाल्या. एक, चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टभोवतीचा रबरी सील नीट बसवलेला नव्हता, तिथून पाणी आत आलं. आणि दुसरी, वरच्या छतामुळे लोकांना बाहेर पडता आलं नाही. तपास करणाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की एकतर अशा गाड्यांना पाणी भरलं तरी तरंगतील एवढी जास्तीची उछाल, म्हणजे तरंगवून धरायची ताकद, द्या, नाहीतर छतं काढा. १९ जुलै २०१८ ला मिसुरीतल्या टेबल रॉक लेकमध्ये वादळात दुसरा डक बुडाला, ३१ पैकी १७ जण गेले, आणि तेव्हाही चर्चा परत छतावर नि बाजूच्या पडद्यांवरच आली. १९ वर्षं गेली मध्ये.

तर छत, कॅनोपी, पावसाचा झिप लावायचा पडदा, पुढची काच, हे सगळं जमिनीवर मस्त आहे. पाण्यात उतरताना कॅनोपी पूर्ण दुमडून मागे बांधायची, पडदे काढून टाकायचे, दार असेल तर मॅन्युअल म्हणेल तसं उघडं किंवा काढलेलं. ऊन लागतंय म्हणून राहू दे, पाऊस येतोय म्हणून राहू दे, असं नाही. दुपारनंतर पवनेच्या पाण्यावर जो वारा सुटतो त्यात उभ्या कॅनोपीवर दाब येऊन गाडी हवी तिकडे न जाता भलतीकडे सरकायला लागते, हा अजून एक त्रास. आणि सगळीकडून पडदे लावून इंजिन चालू ठेवलं तर एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड आत जमू शकतो, त्याला वास नसतो, त्यामुळे पडदे लावून एसीसारखी बसायची जागा करू नका.

सीटबेल्टचंही असंच उलटं आहे. जमिनीवर, आणि रोल केज (गाडी उलटली तर माणसांना वाचवणारा पाइपचा सांगाडा) असेल तर नक्कीच, बेल्ट लावायचाच. पाण्याच्या काठाला थांबायचं, सगळ्यांनी बेल्ट सोडायचे, लाइफ जॅकेटचे बक्कल तपासायचे आणि मगच आत. पलीकडे बाहेर आलं की परत बेल्ट. लोक याला कंटाळतात, पण काठावर एक मिनिट थांबायला काय जातंय राव. जॅकेट फोमचं घ्या. आपोआप फुगणारं जॅकेट दिसायला सुटसुटीत असतं पण वर छत असलेल्या गाडीत ते फुगलं तर माणूस छताला जाऊन चिकटतो नि खाली बुडी मारून बाहेर येता येत नाही. छताखाली फोमच्या जॅकेटनेही असं होऊ शकतं, म्हणून छत आधी दुमडायचंच. जॅकेट सीटखाली कोंबून ठेवायची वस्तू नाही, त्यावर बसायचीही नाही, दबून दबून फोम मरतो. वापरून झाल्यावर सावलीत वाळवायचं, उन्हात नाही, आणि सिझनच्या सुरुवातीला घालून खांद्याकडून वर ओढून बघायचं, कानापर्यंत आलं तर साइज चुकली किंवा पट्टे गेलेत.

आता बिल्ज पंप. हलच्या तळाशी बसवलेला छोटा इलेक्ट्रिक पंप, आत आलेलं पाणी पाइपने बाहेर फेकतो. बऱ्याच गाड्यांना तो ॲक्सेसरी म्हणून येतो, म्हणजे सगळ्यात गरजेची वस्तू पर्यायी यादीत! डब्यावर लिहिलेलं असतं १००० गॅलन ताशी. अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, तर ते झालं मिनिटाला ६३ लिटर. पण हा आकडा पाइप वर चढवायचा नसताना नि व्होल्टेज पूर्ण असताना मिळतो, गाडीत पाइप वर जातो, वळतो, बॅटरी थोडी उतरलेली असते, हातात येतं ते साधारण निम्म्याच्या थोडंफार वर. आणि आता बघा, तळाचा एक इंच व्यासाचा ड्रेन प्लग (पाणी काढायच्या भोकाचं बूच) लावायचा राहिला आणि ते भोक पाण्याच्या पातळीच्या ३० सेंटीमीटर खाली असलं तर त्यातून मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी आत येतं. म्हणजे पंप पूर्ण जोर लावून जेमतेम बरोबरी करणार, तेही त्याची जाळी साफ असेल तर. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात ते हेच, पंप आहे म्हणून प्लग बघितला नाही.

जाळीत काय अडकतं हे बघायचं असेल तर एकदा पंप उचलून बघा. आमच्या इकडच्या एका गाडीच्या पंपाच्या तळाशी भाताच्या काडीचा बोळा, गुटख्याच्या पुडीचा चमकीचा तुकडा आणि त्यावर ग्रीस नि मातीचा काळा लेप असं सगळं मिळून एक झाकणच तयार झालं होतं, मोटर आवाज करत होती, पाइपातून थेंब येत नव्हता. म्हणून मोटरचा आवाज ऐकून समाधान मानू नये. पाण्यात जायच्या आधी बादलीभर पाणी हलमध्ये ओता आणि बाहेरच्या तोटीतून धार येते का ते डोळ्यांनी बघा, मग फ्लोट स्विच (पाणी वाढलं की तरंगून वर येणारा नि पंप चालू करणारा स्विच) असेल तर तो बोटाने वर उचला, पंप आपोआप चालू झाला पाहिजे, सोडला की बंद झाला पाहिजे. पंपाची वायर इग्निशनवर नको, फ्यूज घालून थेट बॅटरीवर हवी, म्हणजे इंजिन बंद पडून चावी काढली तरी पंप चालेल. आणि बाहेर सोडणारा पाइप आतून पाण्याच्या पातळीच्या बराच वर नेऊन मग बाहेर काढलेला हवा, नाहीतर पंप बंद झाला की त्याच पाइपातून सायफन होऊन पाणी उलटं आत येतं. एक हातपंप नि एक डबा सोबत ठेवाच, त्याला बॅटरी लागत नाही.

प्लगचा नियम असा ठेवा की गाडी उभी करताना काढायचे, पावसात उघड्यावर उभी असली की पाणी आपोआप निघून जातं, आणि काढलेले प्लग चावीच्या रिंगला अडकवायचे. चावी हातात घेतली की प्लग हातात आले.

आता बॅटरीचा हिशोब, इथे विंच येतो. साधारण ३५०० पाउंड ओढायच्या क्षमतेचा विंच पूर्ण जोरात ओढताना दीड-दोनशे अँपिअर घेऊ शकतो. लहान इंजिनचं चार्जिंग याच्या आसपासही नसतं, म्हणजे विंच चालतो तो जवळजवळ पूर्ण बॅटरीवर. १५० अँपिअरने एक मिनिट विंच ओढला तर अडीच अँपिअर-तास गेले, आणि चार अँपिअर घेणारा बिल्ज पंप तेवढ्यात ३५-४० मिनिटं चालला असता. आता चित्र डोळ्यासमोर आणा, गाडी काठावर चिखलात अडकलीये, मागचा भाग पाण्यात आहे, आत हळूहळू पाणी येतंय, आणि तुम्ही सात-आठ मिनिटं विंच ओढताय. विंच थकला, गाडी तिथेच, आणि पंपाला द्यायला काही उरलं नाही. त्यामुळे विंच वापरताना इंजिन चालू हवं, लाइटबार बंद, थोडं ओढायचं नि थांबायचं, मोटरला हात लावून बघायचं, हात ठेववत नसेल तर तिला थंड होऊ द्यायचं. बजेट असेल तर पंपासाठी वेगळी छोटी बॅटरी घ्या, पण तिचं वजन मघाच्या बेरजेत धरा.

लाइटबारचं म्हणाल तर १२० वॉटचा बार १२ व्होल्टवर दहा अँपिअर घेतो. तपकीर गल्लीत स्वस्तात स्वस्त बार मिळतो, त्याच्यासोबत येणारी वायर नखाएवढी बारीक असते आणि फ्यूज असतोच असं नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात बसवा, लांब नाही, कारण वायर घासून शॉर्ट झाली तर बॅटरी ते फ्यूज एवढ्या भागाला कोणीच वाचवत नसतं. आणि हे साध्या गाडीपेक्षा इथे जास्त धोक्याचं आहे, कारण हल खालून बंद असतो, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवर निघून न जाता हलच्या तळात साचून राहते. म्हणून बराच वेळ उभ्या गाडीचं सीट नि झाकण उघडून आधी वास घ्यायचा, वास आला तर कोणताही स्विच न दाबता आधी हवा खेळू द्यायची. एबीसी पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर ड्रायव्हरच्या हाताला येईल असं लावा, इंजिनच्या पलीकडे नाही. महिन्यातून एकदा काटा हिरव्यात आहे का बघा आणि उलटं-सुलटं करून हलवा, गाडीच्या हादऱ्याने आतली पावडर खाली घट्ट बसते.

विंच वापरायची पद्धत मी इथे सगळी सांगत बसत नाही, पण काही गोष्टी अशा आहेत की त्या न सांगता पुढे जाता येत नाही. विंचवर लिहिलेली ताकद ही ड्रमवर दोरीचा पहिला थर असतानाची असते, ड्रम भरलेला असेल तर ती बरीच कमी होते, म्हणून दोरी जास्त बाहेर काढून लांबचा आधार घेतला तर ओढ वाढते. पण सगळी दोरी काढायची नाही, स्टीलचे निदान पाच वेढे ड्रमवर राहू द्या, सिंथेटिकचे आठ-दहा, कारण टोकाचा स्क्रू ओढ घ्यायला नसतो, ओढ वेढ्यांच्या घर्षणावर असते. काळ्या मातीत पोटापर्यंत रुतलेल्या गाडीला तिच्या वजनापेक्षा जास्त ओढ लागू शकते, चिखल खालून धरून ठेवतो, तेव्हा आधी फावड्याने चाकापुढची माती काढा आणि स्नॅच ब्लॉक, म्हणजे कप्पी, लावून दोरी दुहेरी करा, ओढ जवळजवळ दुप्पट होते, किंवा तेवढ्याच ओढीला विंचच्या मोटरवरचा भार बराच कमी होतो. आधाराला जाडजूड जिवंत झाड, त्याला रुंद पट्टा, नुसती दोरी गुंडाळून हूक तिच्यातच अडकवायचा नाही. विजेच्या खांबाला तर अजिबात नाही.

मुळशीकडे एका फार्मवर जुना ट्रॅक्टरवाला माणूस विंच चालवत होता, शेजारी कॉलेजचा पोरगा मोबाइल काढून अगदी दोरीजवळ उभा. "ए बाळा, तिथं नको, बाजूला हो." पोरगा म्हणे, "काका, तुटणारे का ती?" "तुटायची असेल तेव्हा विचारून तुटत नाय ती. हो तिकडं झाडामागं." एवढं बोलून त्यांनी दोरीच्या मधोमध ओलं पोतं टाकलं, म्हणजे तुटली तर उसळायच्या ऐवजी खाली पडावी. ताणलेल्या दोरीच्या रेषेत, वळणाच्या आतल्या बाजूला आणि दोरी ओलांडून, या तिन्ही जागी कोणीही नको, आणि रिमोट धरणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणी "घे घे, ओढ" असं ओरडायचं नाही.

स्टील चांगलं का सिंथेटिक यावर लोक भांडतात, माझं मत या गाडीसाठी सिंथेटिक. वजन कमी, नाकावरचा भार कमी, तुटली तर स्टीलइतकी झेप घेत नाही आणि पाण्यावर तरंगते. पण तिला जपावं लागतं. तिच्यात बारीक रेती शिरली की ती आतून धागे कापते, ऊन खाऊन पांढुरकी नि कडक होते, म्हणून पाण्याचिखलातून आल्यावर पूर्ण उलगडून साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, हाताने वाकवून पिळून बघा, एखाद्या जागी कडक चकाकणारा पट्टा लागला तर तिथे ती उष्णतेने वितळलीये असं समजा. स्टील असेल तर हातमोजा घालून वरून जुनं फडकं धरून ओढा, तुटलेली तार असेल तिथे फडकं अडकतं. परत गुंडाळताना थोडा भार ठेवून गुंडाळा, ढिली गुंडाळलेली दोरी पुढच्या वेळी ताण आला की खालच्या थरात घुसते नि अडकून बसते. वापर झाला की रिमोट काढून ठेवायचा आणि आयसोलेटर स्विच, म्हणजे विंचची बॅटरी तोडणारा स्विच, बंद करायचा.

ॲक्सेसरी बसवताना सगळ्यात मोठी गडबड ड्रिल मशीनने होते. फॅब्रिकेटर चांगला असतो, भोसरीत एकाहून एक लोक आहेत, पण त्याने आयुष्यात लोखंडावर काम केलेलं असतं, तो बिनधास्त हलला भोक पाडून क्लॅम्प बसवतो नि वरून सिलिकॉन फासतो. या गाड्यांचा हल बहुतेक एचडीपीई असतो, म्हणजे पॉलिथिनच, आणि पॉलिथिनला सिलिकॉन, एमसील, साधे ॲडहेसिव्ह नीट धरतच नाहीत, आठवड्यात सालासारखे निघून येतात. म्हणून पाण्याच्या पातळीखाली भोक पाडायचंच नाही, विषय संपला. वर पाडायचं असेल तर आरपार बोल्ट, दोन्ही बाजूला मोठे वॉशर नि रबर गॅस्केट, आणि बोल्ट स्टेनलेसचा. तडा गेला तर प्लॅस्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडे न्या, तेही त्याच प्लॅस्टिकची रॉड वापरून. कंपनीने आधीच दिलेले माउंटिंग पॉइंट असतील तर दिसायला थोडं कमी देखणं झालं तरी तेच वापरा.

टायर नि ट्रॅकचं थोडक्यात. या टायरमध्ये हवा ३ ते ५ पीएसआयच्या आसपास असते, नेमकी किती ते मॅन्युअल सांगेल, आणि पेट्रोल पंपावरच्या गेजला एवढं कमी वाचता येत नाही, लो-प्रेशर गेज वेगळा घ्यावा लागतो. टायर सुद्धा गाडीला तरंगवतात, त्यामुळे दिसायला भारी म्हणून अरुंद टायर टाकले तर उछाल पण कमी केली असं समजा. एका बाजूला हवा कमी असेल तर गाडी जमिनीवर पण त्या बाजूला ओढते, पाण्यात पण सरळ जात नाही. ट्रॅक म्हणजे टायरवर चढवायचे पट्टे, चिखलात कमाल करतात, पण वजन खूप, हवा जास्त ठेवावी लागते, स्पीड कमी ठेवावा लागतो आणि चेन नि बेअरिंगवर ताण येतो. भातखाचरातून आल्यावर ट्रॅक नि टायर यांच्यामध्ये चिखल दगडासारखा भरतो, तो ओला असतानाच पाण्याने काढा, वाळला की छिन्नी लागते.

मागे आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागे असते तशी पंख्याची मोटर, लावायचा ब्रॅकेट मिळतो. टायरच्या भरवशावर गाडी ताशी चार-पाच किलोमीटरच जाते, म्हणून लोकांना तो हवा असतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या एचपीच्या वर जायचं नाही, किल स्विचची (माणूस पडला की मोटर बंद करणाऱ्या स्विचची) दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली हवी, जोरात असताना एकदम वळायचं नाही, आणि किनारा जवळ आला की मोटर वर उचलायची.

तो ताशी चार-पाचचा आकडा अजून एका कारणाने लक्षात ठेवा. ती माणसाच्या चालण्याची गती आहे. धरणातून पाणी सोडलेलं असताना मुठेचा प्रवाह याच्यापेक्षा कितीतरी जोरात असतो, तिथे ही गाडी प्रवाहाच्या विरुद्ध काय, आडवी पण जाणार नाही, वाहत जाऊन पुलाच्या खांबाला लागेल. साचलेल्या पाण्यात, गल्लीत, सोसायटीच्या आवारात ती उपयोगी आहे, नदीच्या पात्रात नाही, आणि पुरात काम करायचं असेल तर सुदुंबऱ्याच्या एनडीआरएफसारख्या प्रशिक्षित लोकांच्या किंवा अग्निशमन दलाच्या सांगण्यावरून, स्वतःच्या हिमतीवर नाही. एरवी धरणाच्या पाण्यात उतरवायची तर जलसंपदा खात्याची परवानगी लागते, खडकवासल्याचं पाणी आपणच पितो. रस्त्यावरही ती चालवायची गाडी नाही, ट्रेलरवर टाकून न्यायची.

जलपर्णी दिसली तर लांबून जा. तिच्या मुळ्या एक्सलभोवती अशा गुंडाळतात की टायर फिरायचे थांबतात आणि सीलच्या आत घुसतात. अडकलंच तर इंजिन बंद करून, सुरीने, बसून कापायचं. उभं राहून काठावर वाकायचं नाही.

घरी आल्यावर अर्धा तास काढावा लागतो, तो काढाच. प्लग उघडून गाडी थोड्या चढावर उभी करायची, गोड्या पाण्याने धुवायची, प्रेशर वॉशर असेल तर धार सीलवर नि इलेक्ट्रिक कनेक्टरवर रोखायची नाही. एक्सलच्या बाहेरच्या बेअरिंगला ग्रीस गनने ग्रीस भरायचं, आधी पांढरट दुधाळ ग्रीस बाहेर येईल, ते पाणी मिसळलेलं असतं, स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत हळूहळू भरत राहायचं, पण जोर लावून सील बाहेर ढकलायचा नाही. ग्रीस पाण्यात टिकणारं हवं, नाना पेठेत मागाल तर मिळेल, फक्त "चालेल हो कुठलं पण" असं दुकानदाराला म्हणू नका. विंचची क्लच दांडी, कॅनोपीच्या झिपा, ट्रेलर हिचची पिन यांना हात लावून बघायचा, अडकत असतील तर आत्ताच तेल द्यायचं. कनेक्टर उघडून हिरवट गंज दिसला तर साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावायचं. आणि हलच्या तळात जे तेलकट पाणी उरतं ते अंगणात किंवा नाल्यात सोडायचं नाही, जुन्या चादरीने टिपून डब्यात भरायचं आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजवाल्याकडे द्यायचं.